नोकरी सोडून पुन्हा शिकायचं, तर महिन्याचा खर्च कसा भागवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय २८. गाव बार्शी, सध्या हडपसरला एका खोलीत एकटे राहता. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सुटलं. ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वी एका खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे झालं. चॅट सपोर्टची रात्रपाळी, आठवड्याला सहा रात्री, हातात २२,००० रुपये. बँकेत १,६०,००० शिल्लक. ग्रंथालयशास्त्र शिकायचंय, त्यासाठी आधी कुठली तरी पदवी हवी, म्हणून नोकरी सोडून पुण्यात पूर्णवेळ बी.ए. करायचा विचार आहे. वडिलांचं निवृत्तिवेतन २४,०००. भाऊ मदत करीन म्हणतो. आणि शेवटी विचारलंय की ऑटिस्टिक प्रौढ माणसाला शिकताना राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी सरकारी योजना आहे का.

मी पुण्यात प्रौढ दिव्यांग विद्यार्थ्यांचे प्रवेश, प्रमाणपत्रं आणि शिष्यवृत्त्या याच कामात बरीच वर्षं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नियोजन होत नाही. अशी योजना नाही. ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक प्रौढांना अपंगत्वापोटी दरमहा रक्कम मिळू शकते, त्याबद्दल वाचून अनेक जण विचारतात. आपल्याकडे शुल्कमाफी आहे, राखीव जागा आहेत, वाढीव वेळ आहे, थोडा निर्वाह भत्ता आहे. पण पुण्यातलं भाडं आणि दोन वेळचा डबा भागेल एवढी रक्कम केवळ ऑटिझमच्या आधारावर कुणी देत नाही. तेव्हा योजना शोधण्यात पुढचे सहा महिने घालवू नका. खरा प्रश्न असा आहे की शिकताना दर महिन्याला किती रुपये कमी पडणार, तेवढी तूट तुम्ही किती महिने सोसू शकता, आणि ते महिने संपेपर्यंत तुमच्या अंगात अभ्यासाची ताकद उरणार आहे का. हे तीन आकडे एकत्र मांडायचे. पहिले दोन सगळेच मांडतात. तिसरा मांडत नाहीत, आणि माझ्या पाहण्यात शिक्षण अर्ध्यावर सुटतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच.

तुम्ही खर्चाची यादी नीट दिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. भाडं ७,५००, डबा ३,६००, प्रवास १,२००, वीज-मोबाइल-इंटरनेट १,४००, समुपदेशन २,४००, औषधं ६००, किरकोळ १,३००. बेरीज १८,०००. यात मी दरमहा २,००० आणखी धरेन. ज्या दिवशी बसच्या गर्दीत चढणं शक्यच होत नाही त्या दिवशीची रिक्षा, डब्यातली भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून मागवलेलं तेच ते ठरावीक जेवण, आवाज बंद करणारे हेडफोन बिघडले तर नवे, परीक्षेच्या काळातली बिनपगारी रजा. हे खर्च तुमच्या यादीत नाहीत, पण तुमच्या बँकेच्या पुस्तकात नक्की सापडतील. मागचे सहा महिने काढून बघा. हा उधळेपणा नाही, तुमच्या जगण्याचा नेहमीचा खर्च आहे आणि तो आधीच धरला तर महिनाअखेरीला घाबरायची वेळ येत नाही. म्हणजे खरा आकडा २०,०००.

आता नोकरी सोडली तर १,६०,००० भागिले २०,०००, आठ महिने. पहिल्या वर्षाचा निकाल लागायच्या आत शिल्लक संपते. कॉलेज दहा महिने चालतं, पण भाडं बाराही महिने द्यावं लागतं, ही गोष्ट लोक विसरतात.

दुसरा हिशेब करू. सहाऐवजी चार रात्री काम केलंत आणि पगार त्याच प्रमाणात कमी झाला तर साधारण १४,५०० हातात येतील. तूट ५,५००. शिलकीतले ६०,००० आजारपणासाठी आणि नोकरी गेली तर म्हणून बाजूला ठेवले आणि उरलेला एक लाख तुटीला लावला, तर १८ महिने निघतात. पाच रात्री केल्यात तर हातात १८,३०० च्या आसपास, तूट फक्त १,७०० आणि तोच एक लाख जवळजवळ पाच वर्षं पुरतो. आठवड्यातली एकच रात्र कमी करून सगळी पदवी निघते आहे, हे कागदावर दिसलं की विचाराची दिशाच बदलते. शुल्क वेगळं, त्याबद्दल पुढे लिहिते.

पण हा हिशेब फक्त रुपयांचा झाला. पाच रात्री काम करून अभ्यास झेपेल का, हे मी सांगू शकत नाही, ते तुमच्यावर अवलंबून आहे. म्हणून ताकदीच्या हिशेबाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

स्वस्त दिसणारी सोय ऑटिस्टिक माणसाला बऱ्याचदा महागात पडते. वसतिगृहाचंच घ्या. चार जणांच्या खोलीत राहिलात तर महिन्याला चार-पाच हजार वाचतील. पण रात्री एकाचा मोबाइल, दुसऱ्याचा दिवा, तिसऱ्याचे मित्र, सामायिक बाथरूम, मेसमधला भांड्यांचा आवाज. दिवसभर वर्गात सगळ्यांसारखं वागण्यात आधीच शक्ती गेलेली असते आणि ती भरून निघायला बंद दाराची खोली लागते. ती नसेल तर पहिल्या सत्रात तब्येत बिघडते, हजेरी कमी पडते आणि वर्ष जातं. एक वर्ष गेलं म्हणजे तुमच्या हिशेबाने २,४०,००० गेले. खोलीपोटी जादा दिलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत. म्हणून एकट्याची खोली ही मी चैन मानत नाही. काटकसर करायची तर ती शेवटची जागा. आधी पुस्तकं जुनी घ्या, लॅपटॉप वापरलेला घ्या, हडपसरपेक्षा स्वस्त भागात पण एकट्याचीच खोली बघा.

घरी परत जाण्याचंही तसंच. बार्शीला राहिलात तर खर्च पाच हजारांवर येईल आणि शिल्लक अडीच वर्षांहून जास्त पुरेल. आकड्यांच्या भाषेत हाच सगळ्यांत चांगला पर्याय आहे. पण तुम्ही लिहिलंय की घरात सतत पाहुण्यांचा राबता असतो, दुपारी झोपलात तर आई उठवते आणि निदानावर वडिलांचा विश्वास नाही. अशा घरात परत जायचं तर आधी ठरवून जावं लागेल: वरची खोली माझी, दुपारी दोन ते पाच हाक मारायची नाही, पाहुण्यांसमोर बसण्याची सक्ती नाही. हे मान्य झालं तर जरूर जा. मान्य होणार नसेल तर परीक्षेआधीचा एक महिना तेवढा तिथे जाऊन बघा, कायमचं सामान हलवू नका.

रात्रपाळीबद्दल सगळे तुम्हाला सांगत असतील की आधी ती सोडा. मी तसं सांगणार नाही. तुम्हीच लिहिलंय की रात्री ऑफिस शांत असतं, फोनवर बोलावं लागत नाही, ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरं लिहायची असतात आणि रस्ता रिकामा असतो. तुम्हाला झेपणारी, ठरल्या तारखेला पगार देणारी नोकरी हीच सध्या तुमची सगळ्यांत मोठी शिष्यवृत्ती आहे. झोप पुरी होत नसेल, वजन घटत असेल, सुट्टीच्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर गोष्ट वेगळी. मग बदल करायलाच हवा आणि तो शिक्षण सुरू करण्याआधी करायला हवा.

आता कागदपत्रांकडे येते. बाकी सगळं यावरच टांगलेलं आहे.

खासगी डॉक्टरांचं निदान कोणत्याही योजनेला चालत नाही. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आणि प्रमाणपत्र यासाठी, अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश आहे त्यात ऑटिझम आहे, त्यामुळे अर्ज घेणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. अडचण अपंगत्वाच्या टक्केवारीची येते. तपासणीला ऑटिझम मोजण्याची जी आयएसएए नावाची पट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली आली तर ऑटिझम धरत नाहीत. मुद्दे वाचले तर लक्षात येतं की नीट बोलणारा, नोकरी करणारा, लहानपणापासून सगळं लपवायला शिकलेला माणूस त्यात सहज कमी गुणांवर येतो. आणि बहुतेक सवलती ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मिळतात.

म्हणून तयारीने जा. आईला किंवा मोठ्या बहिणीला, तुमचं लहानपण ज्यांनी पाहिलंय त्यांना सोबत न्या. शाळेची प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे शेरे, खासगी निदानाचा पूर्ण अहवाल, इंजिनिअरिंग सुटलं त्या काळातली कागदपत्रं घ्या. आणि दोन पानांवर स्वतः लिहून न्या की आठवड्यात कोणती कामं मदतीशिवाय होत नाहीत, गर्दीत काय होतं, कार्यक्रम अचानक बदलला तर काय होतं. डॉक्टरांसमोर शब्द सुचत नाहीत, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. त्या दिवशी ठीकठाक दिसण्याचा प्रयत्न करू नका. खोटं काहीच सांगायचं नाही, फक्त नेहमी जे लपवता ते त्या दिवशी लपवायचं नाही. निर्णय पटला नाही तर कायद्याने अपील करता येतं.

४० टक्क्यांपेक्षा कमी आले तर राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या हातच्या जातात, पण सगळंच जात नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की लेखनिकासारखी सोय ४० टक्के असलेल्यांपुरतीच मर्यादित ठेवता येणार नाही. गरजेप्रमाणे सोयी मागण्याचा हक्क राहतो.

प्रमाणपत्र ४० टक्क्यांचं किंवा जास्त आलं असं धरून पैशांचे मार्ग सांगते. काही तुम्हाला लागू होत नाहीत, ते भरभर सांगते.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. तुम्ही बसत नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीला वार्षिक उत्पन्नाची २.५ लाखांची मर्यादा आहे. वडिलांचं २,८८,००० होतं, म्हणजे तीही नाही. राज्याची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर असते, तिला उत्पन्नाची अट नाही, मात्र निर्वाह भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार महिना काही शे रुपये ते फार तर हजार-बाराशे. ही रक्कम आधार जोडलेल्या खात्यात येते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. वर्ष उलटल्यावरही येते. माझा नियम ठाम आहे: शिष्यवृत्तीचा एकही रुपया भाड्यात धरायचा नाही. आली की पुढच्या वर्षीच्या शुल्काला आणि पुस्तकांना. शिवाय हे भत्ते मुख्यतः नियमित पूर्णवेळ अभ्यासक्रम गृहीत धरून आखलेले आहेत.

राहण्या-जेवण्याच्या खर्चाला थेट हात लावणाऱ्या योजना आपल्या राज्यात आहेत, पण त्या दिव्यांग कल्याण विभागात सापडत नाहीत. त्या सामाजिक प्रवर्गांच्या विभागांकडे आहेत, आणि दिव्यांग विद्यार्थी तिकडे पाहतच नाहीत. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून वर्षाला पुणे-मुंबईसारख्या शहरांत ६०,००० रुपयांपर्यंत खात्यात येतात आणि दिव्यांगांना त्यात गुणांची अट ५० ऐवजी ४० टक्के आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आणखी एक डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही आणि इथे लिहूही नका. फक्त तुमच्या प्रवर्गाची योजना काढून वय, शिक्षणातला खंड, उत्पन्न आणि हजेरी या चार अटी वाचा. त्यात बसत असाल तर पूर्णवेळ कॉलेजचा पर्याय पुन्हा विचारात घेता येईल आणि माझा पुढचा बराच सल्ला बदलेल.

प्रमाणपत्राने खर्च कमी होतो, त्याकडे लोक दुर्लक्ष करतात. तुमच्या पगारातून व्यवसाय कर म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. दिव्यांग कर्मचाऱ्याला त्यातून सूट आहे, वर्षाचे २,५०० वाचले. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) वेतनमर्यादा सर्वांना २१,००० असली तरी दिव्यांग कर्मचाऱ्याला २५,००० आहे. तुमचा एकूण पगार त्याच्या आत असेल तर एचआरला लेखी विचारा, औषधोपचाराचा मोठा भाग त्यात येईल. एसटीला ७५ टक्के सवलत आहे, बार्शीची ये-जा स्वस्त होईल. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिस्टिक माणसाला कोणत्याही वयात घेता येते, आधी वैद्यकीय तपासणी नाही, संरक्षण वर्षाला एक लाखापर्यंत आणि त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही धरतात. बिलं जपून ठेवा, आधी पैसे भरून मग परतावा मागावा लागतो. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. महापालिकेच्या समाज विकास विभागात जाऊन यंदा काय आहे ते विचारा. बसपासासारख्या गोष्टी तिथूनच मिळतात.

मध्येच एक सूचना. कुठल्या बँकेत किंवा कार्यालयात ऑटिझम ऐकून पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले तर लगेच अर्ज करू नका. राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद आहे, पण ज्याला त्याची गरज आहे त्याच्यासाठी. तुम्ही पगार मिळवता, खातं चालवता, स्वतःचे निर्णय घेता. गरज नसताना दुसऱ्याला पालक नेमून घेतलंत तर उद्या तुमच्याच पैशांसाठी त्याची सही लागेल.

आता अभ्यासक्रम. मी तुमच्या जागी असते तर एकदम तीन वर्षांच्या पदवीला हात घातला नसता. इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, बारावी झालेल्याला प्रवेश मिळतो, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. नोकरी न सोडता आधी तो करा. त्यातून तीन गोष्टी कळतील: पुस्तकांची आवड वेगळी आणि पुस्तकांचं वर्गीकरण आणि नोंदी (तालिकीकरण) करण्याचं रोजचं काम वेगळं, ते तुम्हाला आवडतं का, नोकरीसोबत आठवड्याला प्रत्यक्षात किती तास अभ्यास होतो, आणि दहा वर्षांनी पुन्हा परीक्षेच्या खोलीत बसल्यावर तुम्हाला काय होतं. हे कळायला फार तर काही हजार रुपये लागतील.

ते जमलं तर बी.ए. मुक्त विद्यापीठातून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं. इग्नूला जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश असतात, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, आणि बी.ए. तीन वर्षांचं असलं तरी सहा वर्षांपर्यंत पुरं करता येतं. हा सैलपणा तुमच्यासाठी शुल्कातल्या सवलतीपेक्षा मोलाचा आहे. एखादं सत्र तब्येतीने वाया गेलं तर चारऐवजी दोनच विषय द्यायचे, नाव कटत नाही आणि पगार चालू राहतो. पूर्णवेळ कॉलेजमध्ये हजेरी कमी भरली की वर्षच जातं. मुक्त विद्यापीठाची उणीव अशी की दिवसाची घडी कुणी घालून देत नाही. तुम्हाला ठरलेल्या वेळापत्रकाची गरज आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून वाचनालयातली एक जागा आणि एक वेळ पक्की करा. कामावरून सुटल्यावर झोप, मग रोज चार ते सहा तीच खुर्ची. पुण्यात अभ्यासिका महिन्याच्या शुल्कावर मिळतात. त्यासाठी गेलेले पैसे वाया गेले असं समजू नका.

पदवीनंतर ग्रंथालयशास्त्राची एक वर्षाची पदवी. इथे मला स्पष्ट बोलायला हवं, कारण हा सगळा खर्च पुढे भरून निघणार की नाही ते यावर ठरतं. गावोगावच्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत काम मनासारखं मिळेल, पण वेतन तुमच्या आजच्या पगाराच्या आसपासही नसतं. महाविद्यालयीन ग्रंथपाल व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. त्याच्या अलीकडे शाळा, खासगी संस्था, संग्रहांचं डिजिटायझेशन करणारे प्रकल्प अशा जागा आहेत. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझमसह काही गटांना मिळून. तेव्हा चार वर्षांनी ताबडतोब पगार वाढेल असं धरून कर्ज काढू नका.

कर्जाबद्दल तुम्ही विचारलं होतंत. शैक्षणिक कर्जात वसतिगृह आणि भोजनाचा खर्च धरता येतो, ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा लागत नाही, हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. दिव्यांगांसाठी राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळही शिक्षणासाठी कमी व्याजाने कर्ज देतं. पण हे नियमित अभ्यासक्रम आणि नंतरची नोकरी गृहीत धरून असतं. किमान एक परीक्षा पास होईपर्यंत तरी जगण्याच्या खर्चासाठी कर्ज नको असं माझं मत आहे. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचं कर्ज फेडताना माणूस किती खचतो ते मी जवळून पाहिलंय.

कंपनीशी बोलणं हा यातला सगळ्यांत अवघड भाग, कारण तो तोंडी करायचा असतो. तो तोंडी करू नका. ईमेल लिहा. कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात दिव्यांगांना मिळणाऱ्या सोयींची माहिती द्यावी लागते. ते धोरण मागवा. मग नेमकी मागणी लिहा: अमुक तारखेपासून आठवड्याला पाच रात्री, त्या प्रमाणात पगार, सुट्टीचे दिवस ठरलेले, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षेची रजा आधी मंजूर. 'थोडी सवलत मिळेल का' असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम येतं. निदान सांगायचं की नाही हे मात्र तुमच्या वरिष्ठांवर अवलंबून आहे. वरिष्ठ समजूतदार असतील तर सांगितल्याने फायदा होतो. शंका असेल तर आधी फक्त शिक्षणाचं कारण द्या. कंपनी नाही म्हणाली तर राजीनामा देऊ नका. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम सहा रात्रींवरच पार पाडा आणि दरम्यान चार-पाच दिवसांचं दुसरं काम शोधा.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात यूडीआयडीचा अर्ज, कारण मंडळाची तारीख मिळायला सगळ्यांत जास्त वेळ जातो. त्याच वेळी सहा महिन्यांचा खरा खर्च काढणं. मग पुढच्या सत्रात इग्नूचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, नोकरी आहे तशीच. एक परीक्षा झाली की कंपनीला ईमेल आणि पदवीचा प्रवेश. परीक्षेसाठी वाढीव वेळ आणि शांत खोली हवी असेल तर प्रवेशाच्या वेळीच अभ्यासकेंद्राला लेखी कळवा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात.

राहिला भाऊ. तो मदत करीन म्हणतो, पण किती आणि कधी हे ठरलेलं नाही आणि मागायला तुम्हाला जमत नाही असं लिहिलंत. मग मागायची वेळच येऊ देऊ नका. त्याला पदवीचं शुल्क आणि अभ्यासिकेचं शुल्क एवढीच जबाबदारी द्या, रक्कम आणि तारखा कागदावर लिहून, आणि ते पैसे त्याने थेट विद्यापीठाला आणि अभ्यासिकेला भरावेत. भाडं आणि जेवण तुमच्या पगारातून. उद्या त्याची अडचण झाली तर एक सत्र पुढे जाईल, पण डोक्यावरचं छप्पर जाणार नाही. पुढेमागे नोकरी पूर्ण सोडावी लागली आणि तुम्ही मुख्यतः त्याच्यावर अवलंबून राहिलात, तर जुन्या करपद्धतीत त्याला अवलंबित दिव्यांग भावापोटी ७५,००० रुपयांची वजावट मिळते. २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्याचे उपकरासह १५,६०० वाचतात. ऑटिझमसाठी डॉक्टरांकडून १०-आयए हा वेगळा नमुना भरून घ्यावा लागत असे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे आता नमुना कोणता ते त्याला सीएकडून विचारून घ्यायला सांगा. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही.

तुमचा प्रवर्ग योजनेत बसतो असं दिसलं, किंवा प्रमाणपत्रावर किती टक्के आले ते कळलं, की पुन्हा लिहा. त्यावरून हिशेब नव्याने मांडून देईन.